पियानो विकणे आहे

तो फोटो मी स्वतःलाच पाठवणार होतो. फोनमध्ये स्वतःला निरोप पाठवायची सोय असते. किराण्याची यादी, चष्म्याचा नंबर, गाडीच्या टायरमधली हवा, असलं सगळं मी तिथे लिहून ठेवतो. त्या संध्याकाळी तिथे आमच्या पियानोचा फोटो जायचा होता आणि त्याखाली इंग्रजीत दोन वाक्यं: उत्तम स्थितीत आहे, कुटुंब परत जात असल्यामुळे विकणे आहे. मी पाठवला. स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. मागोमाग भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा वाजला. तेव्हा मला कळलं की फोटो कंपाउंडच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर गेला आहे.

परदेशात राहणाऱ्यांच्या वसाहतीत असा ग्रुप असतोच. कोणाची नोकरी संपली, फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचा देश सोडायचा शिक्का बसायचं ठरलं, की घरातल्या वस्तूंचे फोटो एकेक करून तिथे उगवतात. आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू अशाच कोणाच्या तरी जाण्यातून आलेल्या आहेत. सोफा एका केरळी कुटुंबाचा. पियानो, म्हणजे विजेवर चालणारा, भिंतीला लावून ठेवायचा, तो एका फिलिपिनो नर्सबाईंचा. म्हणून ग्रुपवर फोटो दिसला की आधी वस्तू कोण बघतो? 'कोण चाललं?' हेच सगळे बघतात.

बायको हातात फोन आणि झारा घेऊनच बाहेर आली. "आपण परत चाललोय?"

आता खरं सांगायला हरकत नव्हती. सौदीतल्या राबिघच्या या तेलाच्या प्लांटवर मला चौदा वर्षं झाली. दर दोन वर्षांनी करार वाढल्याचं पत्र येतं, तसं यंदा आलं नव्हतं. ऑफिसात विचारलं की 'इन्शाल्ला' म्हणत, आणि चौदा वर्षांत मला त्या एका शब्दाचे बरेच सूर ओळखता येऊ लागले आहेत. हा सूर मला आवडला नव्हता. लेक अकरावीत. एप्रिलमध्ये बारावी सुरू होणार, आणि मध्येच गाशा गुंडाळावा लागला तर तिचं नेमकं तेच वर्ष मोडणार. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्याऐवजी कोणी बघत नसताना फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे फोटो काढत घरभर फिरत होतो. माझ्या मते ही पूर्वतयारी होती.

"छे गं," मी म्हणालो, "पोरीला वाजवायला नवीन मोठा घेऊ म्हटलं. ते वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी जाहिरातीतून उचललं, तसंच राहिलं."

आत भाजी लागत होती म्हणून बायको परत गेली, नाहीतर मी तिथेच पकडला गेलो असतो. लेकीने खोलीतूनच सांगितलं की तिला नवीन नको, हाच बरा आहे. मी ग्रुपवरचा मजकूर पुसला. पण त्याआधीच एकाने उत्तर दिलं होतं: शुक्रवारी सकाळी बघायला येऊ का? हे प्लांटवरच्या शेजारच्या युनिटचे जपानी इंजिनिअर, माझ्याहून वयाने आणि हुद्द्याने मोठे. त्यांना नको म्हणायला जो धीटपणा लागतो, तो माझ्याकडे नाही.

शुक्रवारपर्यंतचे दिवस काढणं कठीण गेलं, आणि त्याला निम्मं कारण लेकीचं गाणं होतं. जपानी कार्टून बघता बघता तिला त्यांच्या संथ गाण्यांचं वेड लागलं होतं. मूळ गाण्यात ढोल, व्हायोलिनं आणि आता रडेल की मग रडेल असा गायक. तेच पियानोवर वाजवलं की वेगळंच होतं. रडणारा माणूस निघून जातो आणि तो ज्याच्यासाठी रडत होता तेवढंच मागे राहतं. हे वाक्य माझं, पण अक्कल लेकीची. तीच एकदा म्हणाली होती की पियानोवर ते जास्त खरं वाटतं. सुरुवातीला चाल अगदी सावकाश जाते, पाहुणा पायात चपला घालून दारात उभा राहून बोलतच राहतो तशी. मग डाव्या हाताला जोर येतो. मग एकदम थांबते. आणि त्या शांततेनंतर सगळं गाणं एक पायरी वर चढून पुन्हा सुरू होतं.

आमची कन्या त्या शांततेपर्यंत यायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. रोज. माझं पोट प्लांटवरचे दाबाचे काटे बघण्यावर चालतं. काटा वर चढत जातो आणि पुढे काहीच होत नाही, हे मला बसून ऐकवत नाही. मी उठायचो, फ्रिज उघडायचो, आत बघायचो, बंद करायचो. एकदा म्हणालोच, अगं, जा की पुढे. "पापा, इट्स नॉट रेडी," ती म्हणाली. मी पुन्हा फ्रिज उघडला.

शुक्रवारी जपानी साहेब सांगितल्या वेळेच्या मिनिटावर आले. बूट काढून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवली आणि मिठाईचा एक छोटा डबा बायकोच्या हातात दोन्ही हातांनी दिला. बायकोने पोहे पुढे केले. त्यांनी एकेक मिरची शोधून बशीच्या कडेला ओळीने लावली आणि बाकी सगळं संपवलं. त्यांची बायको नुकतीच जपानहून राहायला आली होती, तिला इथे करमेना, तिच्यासाठी पियानो हवा होता. मग लेकीला म्हणाले, तू काय वाजवतेस? तिने वाजवलं, आणि नेहमीच्या ठिकाणी थांबली.

ते हसले. हे गाणं त्यांच्या ओळखीचं निघालं. परवानगी मागून बसले आणि त्यांनी ते वाजवायला घेतलं. बोटं पाइपलाइनवाल्याचीच होती, जाड आणि थोडी ताठ, पण कुठे घाई नव्हती. ती शांतता आली, तिथे ते चांगले श्वासभर थांबले, आणि मग गाणं वर चढलं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून मी खिडकीचा पडदा नीट करायला उठलो. पडदा नीटच होता.

लेकीने शब्दांचा अर्थ विचारला. त्यांनी तोडक्या इंग्रजीत, जुळवून जुळवून सांगितला. "हा माणूस जाणार आहे. पण घरी सांगत नाही. शेवटपर्यंत नाही. म्हणून गाणं इतकं लांब."

बायकोला हसू आलं. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "तुमची फायनल एक्झिट कधी? कराराची पत्रं तर अजून कोणालाच आली नाहीत असं ऐकलं."

बायकोचं हसू तिथेच थांबलं. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी आधी म्हणालो की तसं काही नाही, मग म्हणालो की तसंच आहे, मग सगळंच सांगून टाकलं, अर्धं मराठीत, अर्धं पाहुण्यांसाठी इंग्रजीत. त्यांना काय झालं ते कळलं असावं. ते उठले, बायकोपुढे दोनदा वाकले आणि म्हणाले, मला घाई नाही, तारीख ठरली तरच कळवा, नाही ठरली तर फार छान.

दार लागल्यावर लेक म्हणाली, "सो देअर वॉज नो न्यू पियानो."

नव्हता, मी म्हणालो.

"आय कॅन डू ट्वेल्थ इन नाशिक. मामाकडे राहीन. पण ट्रान्सफरचं स्कूलला मार्चच्या आधी सांगावं लागतं, पापा. मला माहीत असायला हवं होतं." तिच्या वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी अशीच गेली होती, कागद कुठले लागतात तेही हिला पाठ. ज्यावरून मी दोन महिने घरभर येरझाऱ्या घातल्या, ते तिने दोन वाक्यांत मिटवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी पियानो वाजलाच नाही. तो तसा गप्प असलेला मला जास्त जड गेला. फ्रिजकडेही जाववेना.

चहाच्या वेळी बायकोने माझ्यापुढे कप ठेवला, आपला घेऊन समोर बसली, तो अर्धा संपवला आणि म्हणाली, "अहो, यापुढे कधी लेकीपासून काही लपवायचं झालं ना, तर मला सांगून लपवत जा. एकट्याला नाही जमत तुम्हाला."