मामांच्या स्पीकरची कणीक

जगातल्या प्रत्येक वस्तूला आवाज असतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा राहतात हिर्डोशीला, वरंधा घाटाच्या वाटेवर, मी भोरात. टिचकी मारून कलिंगड सगळेच घेतात. मामा गॅसची टाकी, चपलेचा तळ आणि छत्रीचा दांडासुद्धा टिचकी मारून घेतात. आमचं लग्न ठरवायला आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी आमच्या दारावर टिचकी मारली आणि "सागवान न्हाई" एवढंच म्हणाले. दार अस्सल सागवानी असल्याचं माझं नुकतंच सगळ्यांना सांगून झालं होतं. मुलगी दिली, पण दाराची चौकशी अजून करतात. एकदा भोरच्या स्टँडवर समोर उभी असलेली एसटी त्यांनी सोडून दिली. "हिच्या गिअरला पडसं झालंय. घाटात बसंल." त्या बाजूला एसटी मुळात कधीतरीच जाते. आम्ही दुधाच्या टेम्पोत किटल्यांना मिठी मारून गेलो आणि पुढे चालत निघालो, तेव्हा तीच एसटी घाट पाहून परत येताना आम्हाला आडवी गेली. मामा शांतपणे म्हणाले, "ऐका, अजून शिंकतीय."

अशा माणसानं स्पीकर निवडायला मला बरोबर घ्यावं, याला कारण मीच. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून स्पीकर या विषयात माझा बराच अधिकार झाला होता, आणि तो मी एका लग्नाच्या पंगतीत गाजवला. घरात ऐकायला भिंतीएवढे डबे नकोत, बुकशेल्फ स्पीकरची छोटी लाकडी जोडी घ्यावी, कानाच्या उंचीला ठेवावी, वगैरे. "घरातला मिक्सर दिवाळीपासून बंद आहे," असं बायको मठ्ठ्याकडे बघत म्हणाली, पण मामांनी ते ऐकलं नाही.

"जावईबापू, मला तसली जोडी पायजे. एका बोकडाच्या पैशात बसंल?"

"आरामात."

"पण आमच्यात पुस्तकाची फळी न्हाई. लोणच्याची हाय."

"चालेल."

"आन् बरण्या कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर?" पलीकडच्या पंगतीतून मामी म्हणाल्या.

मामांना स्पीकर कशाला हवे होते, ते परतीच्या वाटेवर कळलं. मामांचे धाकटे भाऊ शेजारीच राहतात. घर एकच, मध्ये एक भिंत, दारं दोन. धाकटे मामा देवळात पखवाज वाजवायचे आणि मामा टाळ. काही वर्षांपूर्वी भजन ऐन रंगात असताना, परगावची मंडळी समोर बसलेली असताना, ताल पुढे पळवतोय म्हणून मामा धाकट्यांवर ओरडले, "आरं, पळतूस कुठं!" धाकट्या मामांनी पखवाज खाली ठेवला, त्याला कापडी गवसणी घातली आणि घरी गेले. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही. अगदीच नड पडली तर अंगणातल्या म्हशीला सांगतात. "म्हशे, उद्या लाईट न्हाई. ज्याला मोटर लावायचीया त्यानं आजच लावा." मग दुसऱ्या दारातून उत्तर येतं, "म्हशे, लावलीया कवाच." त्या भजनाचं कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं. पण मोबाईलच्या चिमुकल्या आवाजात टाळ तेवढे ऐकू येत; पखवाजाची डावी बाजू, म्हणजे धूम, कुठे गायबच. "एकदा धूम ऐकू आली की कोण पळत हुतं त्याचा निकाल लागंल," मामा म्हणाले. त्यांच्या मते निकाल लागलेलाच होता, फक्त तो मोठ्यानं ऐकायचा राहिला होता.

धुमेवर ओली कणीक थापतात, म्हणून ती खर्जात बोलते. मामांनी दुकानादुकानांतून स्पीकर तपासले ते या एका कणकेवर, तेही भजनाची नुसती सुरुवात लावून; निकाल घरीच ऐकायचा होता. रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह ते चंचीत, चुन्याच्या डबीशेजारी ठेवत, त्यामुळे तो हातात घेताना दुकानदार आधी बोट पुसत. भोरच्या पहिल्या दुकानात मामा डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "कणीक वाळलीय." मी दुकानदाराला बेस कमी आहे असं भाषांतर करून सांगितलं. दुसऱ्या दुकानात डबा असा घुमला की वरचं पंख्याचं खोकं खाली आलं. "ही कणीक न्हाई, चिखुल हाय." वेल्ह्याला एक मांडववाला जुनी जोडी विकतोय असं कळलं म्हणून तिथंही गेलो. "मैदा वापरलाय," असं मामा म्हणाले आणि मांडववाल्यानं माझ्याकडे बघितलं. शेवटी पुण्यात एका दुकानात मामांनी लाकडी डब्यावर टिचकी मारली, रेकॉर्डिंग ऐकलं आणि बोटांनी चिमूट करून दाखवली. "एवढीच कमी हाय. घरची मातीची भिंत भरून काढंल."

जोडणी अर्थातच मी केली. बरण्या उतरल्या, मधल्या भिंतीला अगदी टेकून स्पीकर फळीवर बसले. "बारीक लावा," मामा कुजबुजले, "पलीकडं जाया नको." मी चालू केलं. टाळ आले, गाणं आलं, आणि धूम पार नाहीशी. पुण्यात होती तेवढीही नाही. मामांचा चेहरा उतरला. "कणीकच न्हाई." मी दमट हवा, मातीची भिंत आणि विजेचा दाब यांच्यावर बोलायला सुरुवात केली. डबा परत खोक्यात भरायच्या बेतात होतो, तेवढ्यात पोळ्या लाटता लाटता मामींनी मान वर केली. "जावईबापू, ह्या डब्याला तांबडी वायर तांबड्यात हाय. त्या डब्याला तांबडी काळ्यात का घातलीया?"

एका डब्यानं ढकलायचं, दुसऱ्यानं ओढायचं आणि मधल्यामध्ये धुमेनं मरायचं, असा कारभार मी करून ठेवला होता. वायर बदलली, आणि पखवाज घरात आला.

मला तालातलं काही कळत नाही. वरातीत नाचताना लोक मला बाजूला घेतात. पण त्या दिवशी मलाही कळलं. धूम एका संथ चालीनं, ओझं वाहणाऱ्या बैलासारखी चालली होती, आणि टाळ तिच्या पुढे, आणखी पुढे, उतारावर सोडलेल्या सायकलसारखे निघाले होते. मग मामांचा आवाज आला, "आरं, पळतूस कुठं!" आणि धूम थांबली. पुढे थोडा वेळ एकटे टाळच पळत राहिले.

मामींचं लाटणं थांबलं. मामांनी पुन्हा तोच भाग लावायला सांगितला. मी लावला. पुन्हा सांगितला. मग ते उठले. आता बंद करणार, असं मला वाटलं. मामांनी आवाजाचं बटण धरलं आणि पार शेवटपर्यंत फिरवलं.

भिंतीचे पोपडे पडले. फळीवरच्या वाट्या नाचल्या. पुन्हा ते ओरडणं आलं, धूम थांबली, टाळ पळाले, आणि ते सगळं मधल्या भिंतीतून पलीकडे गेलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. तसं उभं राहायचं काही कारण नव्हतं. स्पीकरचं तोंड इकडे होतं.

बऱ्याच वेळानं दारात धाकटे मामा दिसले. अंगणात म्हैस होती, पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"दादा," ते म्हणाले, "डबं वीतभर फुडं वढ. भिंतीमुळं कणीक लई झालीया."

मामांनी वीत लावली, मापून डबे पुढे ओढले. ऐकलं. मान हलवली.

"आता बराबर हाय," मामा म्हणाले. "आन् आत ये की. दारातनं काय ऐकतूस?"

मामींनी आणखी कणीक भिजवली.

हल्ली मी हिर्डोशीला गेलो की संध्याकाळी दोघं फळीखाली बसलेले असतात. दुसरं काही लावू म्हटलं तर नको म्हणतात. तेच भजन पहिल्यापासून ऐकतात. ती जागा जवळ आली की मामांना हटकून मोठा खोकला येतो, आणि तो संपेपर्यंत ते ओरडणं निघून गेलेलं असतं. धाकटे मामा तेवढ्यात पान जमवायला खाली बघतात. गवसणी अजून उतरलेली नाही, पण परवा ती धुऊन वाळत घातलेली दिसली.

अंगणातली म्हैस मात्र थोडी एकटी पडल्यासारखी वाटते. कुणी बाहेर आलं की ती कान टवकारून बघते. लाईट कधी जाणार, मोटर कुणी लावली, तिला आता कुणी काही सांगत नाही.