हात न टेकता

वालीवला माझं सिलिंडर तपासायचं आणि भरायचं छोटं वर्कशॉप होतं. खाडीत बुडी मारून पुलाच्या खांबांची कामं करणारा एक कोळी तिथे हवेची टाकी न्यायला यायचा. टाकीवरचे आकडे तो बघायचाच नाही. रिकामी टाकी उलटी करून आत गंज वाजतो का ते ऐकायचा, मग ती भरली की पाठीला बांधून उकिडवा बसायचा. हात न टेकता उठता आलं, तरच ती टाकी त्याची.

एकदा ठेकेदार बरोबर आला. "मोठीच घे. एका बुडीत काम उरकेल. पाण्यात वजन कुठे लागतं?"

"होडीत चढताना लागतं. ही मी नाय नेनार."

"मग दुसरा माणूस बघतो."

"बघा. नायतर तुमी बसून उठा, लगेच नेतो."

ठेकेदारानं हसत मोठी टाकी पाठीला बांधून घेतली आणि बसला. उठता येईना, तेव्हा त्यानं हात पुढे केला. कोळी कमरेवर हात ठेवून उभाच.

"पान्यात हात द्यायला कोन येनार, शेट?"

छोटी टाकी खांद्यावर टाकून तो निघाला.

ठेकेदाराला मीच उठवलं. पण घाई केली नाही.