टेपकाकू सायकल घेतात

टेपकाकूंची सायकल त्यांच्या मुलाने भंगारवाल्याला दिली, तेव्हा काकू दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे काढून घेत होत्या. घरी येऊन बघतात तर जिन्याखालचा कोपरा मोकळा, फरशीवर नुसत्या टायरच्या काळ्या रेघा.

मुलगा दारातच उभा होता. आई भडकणार हे ठाऊक असल्यामुळे त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती.

"आई, तूच सांग, सत्तरी उलटल्यावर सायकल चालवायची का? परवा चढावर पडलीस, तेव्हा फोन कुणाला आला? मला. हातातलं काम टाकून धावत आलो."

"सायकल कुणाची होती?"

"अगं, पण डॉक्टरसुद्धा..."

"कुणाची होती?"

"तुझी."

"झालं तर," म्हणून काकू आत गेल्या आणि शिलाई मशीनवर बसल्या. त्या दिवशी मशीनचा आवाज शेजारच्या तीन घरांत ऐकू गेला असेल.

काकू पडदे शिवत. गळ्यात मोजायची टेप कायम, इतकी की एकदा कुणाच्या लग्नाला त्या तशाच जाऊन बसल्या आणि तेव्हापासून हे नाव पडलं. त्यांची खोली उताराच्या पायथ्याशी आणि गिऱ्हाइकं सगळी वर, टेकाडावरच्या नव्या इमारतींत. खिडक्यांची मापं घ्यायला वर जायचं, शिवून झालं की पडदे घेऊन पुन्हा वर जायचं. नवरा लवकर गेला, मुलगा तेव्हा दुसरीत. त्याला मोठं केलं ते या मशीनने आणि त्या सायकलने. आता मुलगा चांगला कमावत होता, आईने बसून खावं असं त्याला मनापासून वाटे. पण बसून खाणं म्हणजे काय, ते काकूंनी थोरल्या बहिणीच्या घरी बघितलं होतं. बहिणीची आधी स्कूटर सुटली, मग बाजार सुटला, मग जिना. सगळं तिच्याच भल्यासाठी. आता ती खिडकीशी बसून कोण आलं, कोण गेलं ते सांगायची, आणि काकूंना तिचा तो आवाज ऐकवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी जाहीर केलं, "विजेवरची सायकल घेणार आहे. यायचं तर ये."

मुलगा आला. दुकानदारच आईला समजावेल, अशी त्याला आशा होती.

दुकानदाराने काकूंकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, "आजींसाठी का? मग ही घ्या." समोर एक तीनचाकी आणून उभी केली. मागे भलीमोठी टोपली, पाठीला टेकू. "यावरून आजी पडणारच नाहीत बघा."

"माझ्याशी बोला हो," काकू म्हणाल्या. "चालवणार मी आहे, आणि तुमची आजी नाही, गिऱ्हाईक आहे. ही माझ्या जिन्याखाली मावेल?"

"नाही... तशी रुंद आहे."

"मग ती तुम्ही चालवा. ती लाल दाखवा."

लाल सायकल काचेजवळ होती. आडवी दांडी, जाड टायर, पुढे वाकलेलं हँडल. मुलगा "आई!" म्हणाला, त्याबरोबर काकूंचा निश्चय आणखी पक्का झाला. दुकानामागच्या पटांगणात त्यांनी सायकल कलती करून कसाबसा पाय पलीकडे टाकला. पॅडल अर्धं फिरतंय तोच मोटरने मागून असा काही रेटा दिला की काकू एकीकडे आणि सायकल दुसरीकडे. कोपर सोलवटलं.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. पण म्हणताना खिशातला रुमाल काढून तो तिच्या जखमेवर बांधत होता, आणि ते काकूंना कोपरापेक्षा जास्त लागलं.

घरी जाताना काकूंनी वाटेत थांबून भाजी घेतली. मुलाला वाटलं, जिरली हौस. काकू मात्र मनातल्या मनात स्वतःलाच फैलावर घेत होत्या. लाल सायकल आवडली होती कुणाला? मुलाच्या नाकावर टिच्चून घ्यायला ती झकास होती, पण चालवायची होती स्वतःच्या गुडघ्यांवर. असा हट्ट काय कामाचा? आणि हट्ट सोडायचा तर नव्हताच.

मग त्यांनी तेच केलं जे गिऱ्हाइकाच्या खिडकीचं करत. दार लावून घेतलं, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि दुखरा पाय न दुखता जिथवर उचलला जातो तिथे शिवणाचा खडू ओढला. रेघ बघून त्यांचं तोंड उतरलं. इतकी खाली? पुन्हा उचलून पाहिला. रेघ तिथल्या तिथेच. खिडकी लहान निघाली म्हणून आपण पडदा मोठा शिवत नाही, असं म्हणून त्यांनी टेप लावली आणि माप पाठ केलं.

या वेळी त्या एकट्या गेल्या, दुसऱ्या दुकानात, बसने. बरोबर कामाची पिशवी घेतली, पडद्याच्या नमुन्यांनी ठासून भरलेली. हे दुकान एका बाईंचं होतं. हाताला ग्रीस, बोलणं तुटक.

"काय वाहायचंय?" बाईंनी पहिलं विचारलं.

काकूंना बाई तिथेच पटल्या. त्यांनी पिशवी समोर ठेवली. "हे. आणि मी. चढावर. मधे दांडी नको, आणि बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत."

"पाय टेकावेत म्हणून सीट खाली घेतली तर पॅडल मारताना गुडघे जास्त वाकतील. चढावर बोंबलाल."

हे काकूंच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग?"

"पॅडल जरा पुढे असलेली एक आहे. पाय टेकतात आणि गुडघाही मोकळा राहतो. पण रंगामुळे ती कुणी घेत नाही."

रंग खरंच वाईट होता. शेवाळलेल्या टाकीसारखा. जन्मभर कापडात वावरलेल्या बाईला तो बघवेना. काकूंनी तोंड वाकडं करून टेप लावली. पाय टाकायची जागा खडूच्या रेघेच्या चांगली खाली होती. पुढच्या टोपलीत पिशवी ठेवून त्या गल्लीत निघाल्या. ही मोटर धक्का देत नव्हती. पाय जितका जोर लावी त्या मानाने ती साथ देई, पाय थांबला की तीही थांबे. वळताना पुढचं वजन हँडल ओढतंय म्हणून पिशवी मागच्या कॅरियरवर बांधली आणि पुन्हा चक्कर मारली. ब्रेक कचकन दाबून पाहिले. बॅटरी स्वतः काढली, स्वतः बसवली. शेवटी सायकल उचलून दुकानाची पायरी चढवायला गेल्या, तर ती हलेना.

"हिला उचलायचं नाही," बाई म्हणाल्या. "पायरीवर फळी टाका, आणि मोटर हळू लावून चालत चढवा. ताकद दाखवायला दुसऱ्या जागा आहेत."

काकू हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी मुलगा घरी आला, तर जिन्याखाली हिरवी सायकल आणि आई फळीला रंधा मारतेय.

"मला न विचारता?" तो म्हणाला.

"तू विचारलं होतंस?"

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "आई, तुला रस्त्यात पडलेलं बघितलं ना, तेव्हा क्षणभर वाटलं, तू उठणारच नाहीस. तू पुन्हा पडलीस तर?"

काकूंनी रंधा खाली ठेवला. "पडले तर उचलायला ये. येशीलच. पण पडायच्या आधीच उचलून ठेवू नकोस रे."

त्याने फळीचं दुसरं टोक धरलं, एवढंच.

सोमवारी काकू पडद्यांचं गाठोडं घेऊन चढाला लागल्या. पूर्वी ज्या वळणावर त्या उतरून सायकल ढकलत, तिथे व्यायामाला पळायला आलेला एक गडी धापा टाकत उभा होता. त्याच्या बाजूने काकू पॅडल मारत पुढे गेल्या आणि त्याला ऐकू जाईल इतपत गुणगुणल्या. वरच्या गिऱ्हाइकीण बाई म्हणाल्या, "काकू, या वयात?" काकू म्हणाल्या, "हो, याच वयात. दुसरं आणू कुठून?"

त्या वर्षात त्या एकदा पडल्या. ओल्या पानांवरून चाक घसरलं, मांडी काळीनिळी झाली. पूर्वी असं काही त्या खुशाल लपवत. या वेळी रात्री जेवताना स्वतःच सांगितलं, भाजी वाढता वाढता.

मुलाचा घास हातातच राहिला. तोंडावर काय काय येऊन गेलं. शेवटी म्हणाला, "फार लागलंय?"

"लागलंय बरंच. आठ दिवस चालवणार नाही."

"आणि मग?"

"मग वरच्या शाळेचे पडदे आहेत, सगळ्या वर्गांचे," काकू म्हणाल्या. "तू भात घे."