उजव्या बाजूची सावली

रतन पेंटरने आयुष्यभर अक्षरं काढली. स्वारगेटच्या मागच्या गल्ल्यांत एखाद्या गॅरेजच्या शटरवर अजूनही 'पंक्चर काढून मिळेल' दिसतं, लाल अक्षर आणि त्याला उजवीकडे काळी सावली, ते त्याच्याच हातचं. पुढे फ्लेक्स आले, खांबाखांबावर कुणाकुणाचे वाढदिवस लटकले आणि रतनचे ब्रश डब्यात वाळून काठ्या झाले. त्याबद्दल कुणी मोर्चा काढला नाही. काढणार कसा? मोर्च्याचा बॅनरही फ्लेक्सचाच असतो.

गेल्या वर्षी त्याची बायको चंद्रभागा गेली. तेव्हा तो रडला नाही, नंतरही नाही. चहा दिला की प्यायचा, ताट वाढलं की जेवायचा. त्याची मुलगी पायल खराडीला नोकरी करते. ती एकदा म्हणाली, "पप्पा, आईच्या स्मृतिदिनाला विहारात तिच्या फोटोजवळ पिंपळाचं पान लावायचंय. तुम्ही काढता, का छापून आणू?"

"छापून?"

"फ्लेक्सवर. अर्ध्या तासात मिळतं."

"माझ्या बायकोला फ्लेक्स लावशील तर याद राख."

बोलून बसला खरा, पण पान त्याने जन्मात काढलं नव्हतं. म्हणून विहाराच्या वरच्या खोलीत शेफाली नावाची मुलगी रविवारी चित्रकला शिकवते, तिथे जाऊन बसला.

शेफालीने प्रत्येकापुढे पिंपळाचं एकेक पान ठेवलं. "आधी मधली शीर, मग कडा. बाकीच्या शिरा वळणं बघून काढा. शेडिंग शेवटी. पेन्सिल आडवी धरा, शिरेजवळ दाब द्या, कडेला जाताना हात हलका." रतनचं पान झटक्यात उतरलं, शेपटासकट. घोळ झाला तो शेडिंगला.

"काका, खिडकी कुठंय?"

"उजवीकडे."

"मग अंधार कुठं पडेल?"

"डावीकडे."

"आणि तुम्ही काळी बाजू कुठली केलीत?"

"पेंटरची सावली उजवीकडेच पडते."

"हा बोर्ड नाहीये काका, पान आहे."

"दिसतंय मला. म्हातारा झालोय, आंधळा नाही."

त्याने खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा उजवीकडेच. कागदाची लव निघाली. मागे पान काढत बसलेल्या यमुनाबाई म्हणाल्या, "रतनभाऊ, त्यापेक्षा खिडकीच उचलून डावीकडे लावा." सगळे हसले. रतन कागदाकडे बघत राहिला.

शटर रंगवायचं तर दुकान बंद पाहिजे, म्हणजे काम संध्याकाळचं. ब्रश उजव्या हातात, म्हणून उजेड डावीकडून, नाहीतर हाताचाच अंधार अक्षरावर पडतो. त्या डाव्या बाजूला लांब वायरचा बल्ब धरून चंद्रभागा उभी असायची. तिचा हात भरून आला, बल्ब खाली झुकला की हा खेकसायचा, "सरळ धर!" ती म्हणायची, "सरळच धरलाय हो. तुमचंच अक्षर वाकडं असेल."

हे सगळं त्याला आठवलं, दुसऱ्या कुणाचं आठवावं तसं. आत काही हललं नाही. त्याने पेन्सिलीला टोक काढलं.

स्मृतिदिनाच्या सकाळी त्याने प्लायवूडवर रंगवलेलं पान आणून विहाराच्या भिंतीवर ठोकलं. हिरवं, उजवी बाजू गडद. दाराच्या बाजूला, म्हणजे पानाच्या उजवीकडे, फोटो आधीच टांगलेला होता. यमुनाबाईंनी मान तिरकी केली. "उजेड दारातून, दार उजवीकडे, आणि सावलीही उजवीकडेच? चुकलंय की हो."

"पप्पा, सुधारता का?" पायल हळूच म्हणाली. "वेळ आहे अजून."

"नाही."

"पण का, पप्पा?"

त्याने पानाच्या डावीकडच्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलं. "तुझी आई तिथं उभी राहायची. बल्ब घेऊन."

पायलने फोटो उतरवला आणि पानाच्या डावीकडे भिंतीला टेकवून धरला. रतन खिळा घेऊन स्टुलावर चढला. वर धरून पायलचे हात भरून आले, फोटो एका अंगाला झुकला.

"सरळ धर!" तो खेकसला. खाली बसलेल्या बायकांनी माना वर केल्या.

हातोडी उचललेली ठेवून तो 'सरळच धरलाय हो' ऐकायला थांबला. मग खिळा ठोकला.