शेवटच्या तबकडीचं ‘टक्’

दर रविवारी तीच तीन टाळकी त्याच खोलीत त्याच तबकड्या ऐकतात म्हटल्यावर किस्से साचणारच ना! खोली बापूसाहेबांची, ग्वाल्हेरच्या ‘खासगी बाजार’ मोहल्ल्यातली. त्यांचे आजोबा दरबारच्या बँडमध्ये होते, हा खजिना त्यांचा. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत, मूळ चर्चच्या ऑर्गनवरचं, पुढे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी बसवलेलं; एकच लांबलचक रचना, अनेक तबकड्यांवर पसरलेली. ग्वाल्हेरात दुसरीकडे कुठे ऐकून दाखवा!

*

आमच्या तिघांतले सुळेकाका हाताने ताल धरूनच ऐकतात. एकदा दिल्लीचा एक पाहुणा हसून म्हणाला, "काका, यात तीनताल नसतो."

"नसू दे! ग्वाल्हेरात आलंय ना, शिकेल!"

*

तबकडीची एक बाजू जेमतेम चार मिनिटांची. बाजू संपली की ती उलटेपर्यंतच चहाचा घोट घ्यायचा, हा आमचा नियम. दिल्लीत मी हीच रचना प्रत्यक्ष ऐकायला गेलो, तर ऑर्केस्ट्रा थांबेचना! नेमक्या त्या जागी मी सवयीने ओरडलो, "बापूसाहेब, उलटा!"

अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. बघेनात का! जागा तर बरोबर होती!

*

शेवटच्या तबकडीवर एक बारीक खड्डा आहे. शेवटच्या सुराच्या ऐन आधी ‘टक्’ वाजतं. बापूसाहेबांच्या सूनबाई, मेधा, यांनी हौसेने नेटवरून तेच रेकॉर्डिंग आणलं. "सुनिए बाबा, एकदम साफ आवाज!"

बापूसाहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग विचारलं, "सूनबाई, टक् कुठे गेलं?"

*

आणि गेल्या महिन्यात पुसताना नेमकी तीच तबकडी बापूसाहेबांच्या हातून निसटली. तीन तुकडे! आजोबांची ठेव हो! बापूसाहेब धड जेवेनात. "शेवटच गेला. आता बैठक बंद," म्हणाले.

रविवारी आम्ही दोघं हट्टाने जाऊन बसलो. उरलेल्या तबकड्या लावायला लावल्या. शेवटून दुसरी तबकडी संपली. बापूसाहेबांनी पिन उचलली आणि मान खाली घातली.

तेवढ्यात सुळेकाकांनी मांडीवर ताल धरला आणि खर्जात सुरू झाले, "पों... पों..." मी व्हायोलिनं उचलली, तोंडानेच! एक सूर चुकला नाही, छाती ठोकून सांगतो. इतकी वर्षं काय उगाच ऐकलं?

शेवटच्या सुराआधी आम्ही दोघं थांबलो. बापूसाहेबांकडे बघितलं.

त्यांनी डोळे पुसले, जीभ टाळूला लावली आणि वाजवलं, "टक्!"

मग तिघांनी मिळून शेवटचा सूर लावला.

दारात मेधावहिनी चहाचा ट्रे घेऊन कधीच्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, परत एकदा लावा ना!"