फ्रीजपाशी बसून राहणाऱ्या बाई

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंची त्यांच्याच धंद्यातले लोक मनसोक्त टिंगल करत. म्हणे, बाई फ्रीज दुरुस्त करत नाहीत, त्याची विचारपूस करतात. यात खोटं काहीच नव्हतं. फ्रीजच्या दारांना रबर बसवण्यात बाईंची कारखान्यातली बारा वर्षं गेली. कारखान्याला टाळं लागल्यावर भंगारातले फ्रीज उघडून उघडून त्या पुढचं सगळं शिकल्या, आणि तेव्हापासून एकच हट्ट धरून बसल्या: दुखणं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक स्क्रूही बदलायचा नाही. त्यासाठी दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसावं लागलं तरी बेहत्तर.

असंच एकदा एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून बोलावणं आलं. घरात दोघंच, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले काका आणि काकू. फ्रीज आतला बर्फ आपोआप वितळवणारा होता, पण गेले तीन-चार महिने त्याने ते काम जणू सोडूनच दिलं होतं. आधीच्या दोघा मेकॅनिकांपैकी एकाने हीटर बदलला, दुसऱ्याने सेन्सर, आणि आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. बाईंनी आतला पत्रा काढला, तर समोर बर्फाची भिंत आणि तिच्यात रुतून बसलेला पंखा. थंड हवा खाली यायला वाटच नव्हती. वरचा कप्पा दगडासारखा गोठलेला आणि खालच्या कप्प्यात दूध नासत होतं. बाईंनी गरम पाण्याची पातेली ठेवून बर्फ उतरवला, हीटर तपासला, सेन्सर तपासला. दोन्ही ठणठणीत. मग त्यांनी स्टूल ओढलं.

बसलेल्या माणसाला घर सगळं सांगून टाकतं. काकूंनी हळू आवाजात सांगितलं, की काकांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. डॉक्टर इन्सुलिनचा डोस वाढवतायत, तरी साखर उतरत नाही, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. काका चोरून मिठाई खातात, याबद्दल काकूंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाहेरच्या खोलीत काका वर्तमानपत्राची पानं उलटत होते. त्यांनी वाद घालणं केव्हाच सोडलेलं दिसत होतं.

दुपारी दोघं मलमपट्टीसाठी दवाखान्यात निघाली. दाराशी काकांचा हात बटणांवर गेला आणि टकटकटक सगळी बटणं बंद. पंखा थांबला, दिवा गेला, फ्रीजही मुका झाला. आत एक जिवंत माणूस बसलंय, हे काकांच्या हाताला कळलंच नाही. उकाड्यात घाम पुसत बाई तासभर तशाच बसून राहिल्या, आणि त्यांना मनातून फार आनंद झाला.

दोघं परत आल्यावर बाईंनी विचारलं, "काका, फ्रीजचं बटण दिवसातून किती वेळा बंद होतं?"

"घर रिकामं पडलं की. सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणानंतर फेरी मारायला जातो तेव्हा. शॉर्ट सर्किटने जळालेली घरं मी आतून पाहिलीत, बाई."

पूर्वी काका एकटेच बाहेर जात आणि काकू घरी असत. चार महिन्यांपूर्वी काकांना भोवळ आली, तेव्हापासून काकू सोबत जाऊ लागल्या आणि घर रिकामं पडू लागलं. बाईंनी समजावलं, की हा फ्रीज सलग बारा तास मोजतो आणि मग हीटर लावून बर्फ वितळवतो. वीज गेली की त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून. बारा तास काही भरत नव्हते.

मग त्यांना जे विचारायचं जिवावर आलं होतं, ते त्यांनी विचारलं. बर्फ उतरवताना वरच्या कप्प्यात दिसलेल्या इन्सुलिनच्या कुप्या तिथे कुणी ठेवल्या?

"मीच," काकू म्हणाल्या. "खाली सगळं नासायला लागलं म्हणून. टोचायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवते."

औषधांच्या दुकानांतले फ्रीज सांभाळताना बाई एवढं शिकल्या होत्या, की एकदा गोठलेल्या इन्सुलिनचा भरवसा उरत नाही. ते त्यांनी शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं, पण सांगितलं. आणि काका लगेच नवी कुपी आणायला उठले तेव्हा त्यांना जवळजवळ दटावून खाली बसवलं.

"आधी डॉक्टरांना फोन. डोस या निकामी औषधावर वाढवलाय. चांगलं औषध तेवढंच टोचलंत तर जिवावर बेतेल."

दोन मेकॅनिक येऊन गेले होते, डॉक्टर होते, पण ही गोष्ट दिसली ती नुसतं बसून राहणाऱ्या बाईंना. काकांनी तिथल्या तिथे फोन लावला. डॉक्टरांनी जुन्या कुप्या फेकून लगेच यायला सांगितलं, आणि आता अंगठा वाचायला हरकत नाही असंही म्हणाले.

फोन झाला तरी काकू जागच्या हलल्या नाहीत.

"मी रोज तुमचे खिसे तपासत होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," काका म्हणाले. "म्हणून तर आधीच उलटे करून ठेवायचो. तुला शोधायचा त्रास नको."