मेहुण्याच्या मिशीवर लेन्सची परीक्षा

लेन्स किती शार्प आहे हे बघायला लोक विटांच्या भिंतीचा, नाहीतर भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो काढतात. बिचारे! त्यांना माझ्यासारखा मेहुणा नाही. बायकोचा थोरला भाऊ, दफ्तरखान्यात कारकून, आणि माणूस असा की बसला की बसला. एकदा तिथल्या झाडूवालीनं कपाटं पुसता पुसता यालाही पुसून काढलं होतं. हा हूं की चूं करेल तर शपथ.

माझ्या स्टुडिओत कॅमेऱ्यात रोल भरायचा, खिडकीच्या उजेडात त्याला वेताच्या खुर्चीवर बसवायचं आणि शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवायचं. मग निगेटिव्हवर भिंग धरून त्याच्या मिशीचे केस मोजायचे. केस न् केस सुटा दिसला तर लेन्स पास. लेन्सवाला दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचा, "साहेब, मिशी पास आहे!" घरात मेहुण्याला कोणी विचारत नव्हतं, ऑफिसात तर त्याहून नाही. पण रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि ऐटीत म्हणायचा, "दाजी, आज परीक्षेला कोण बसलंय?"

यंदा माझी जुनी लेन्स कामातून गेली. नवी निवडायला घेतली तर पहिली नापास, दुसरी नापास, पाचवीपर्यंत सगळ्या ढ! मिशी म्हणजे नुसता पुसट बोळा. दुकानदाराला मी फोनवर असं फैलावर घेतलं की तो तावातावानं स्टुडिओतच येऊन थडकला. निगेटिव्हवर भिंग धरलं. मग हळूच म्हणाला, "अहो, खुर्चीचा वेत बघा."

वेताची वीण न् वीण स्पष्ट होती. खुर्ची हलली नव्हती. हलला होता तो मेहुणा. हल्ली हात मांडीखाली दाबून बसायचा आणि मी मूर्ख त्याला शिस्त समजत होतो.

बायकोनं बजावलं, "दादाला एक शब्द बोललात तर याद राखा. त्याच्याकडे दुसरं आहे काय?"

झालं! दोष लेन्सवरच ढकलायचं ठरलं. पुढच्या रविवारी दुकानदार दुकानातली सगळ्यात चांगली लेन्स घेऊन हजर झाला आणि मेहुण्यासमोर तिलाच शिव्या घालू लागला. "भिकार माल! बाटलीचं बूड बरं!" मीही री ओढली. आम्ही दोन घोडे एका निर्दोष काचेवर तुटून पडलो होतो.

मेहुणा शांतपणे म्हणाला, "दाजी, अजून फोटो काढलाच नाहीये."

मग मांडीखालचा हात काढून त्यानं पुढे धरला. तो थरथरत होता. "डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. मी वाट बघत होतो, तुम्ही कधी म्हणताय, आता भिंतच बरी."

मला असा राग आला! कोणाचा ते कळेना. "भिंतीला मिशी असते का? बसा गप!" मी ओरडलो. स्टुडिओतले सगळे दिवे त्याच्यावर सोडले आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणलं. तेवढ्यात काय हलणार, कप्पाळ!

संध्याकाळी फिल्म धुतली. केस न् केस मोजून घ्या. लेन्स पास!

निगेटिव्ह बघून मेहुणा म्हणाला, "आता एक हाताचा काढा."

काढला. प्रिंट झकास आली. नखं, शिरा, सुरकुत्या, सगळं जागच्या जागी, निवांत. त्यानं ती हातात घेतली, पण ती इतकी हलायला लागली की त्याला काही दिसेना. शेवटी बायकोनं ती दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली.